शोधायची मजुरी

गॅरेजच्या बिलावर सुट्या भागांची किंमत असते, ते बसवण्याची मजुरी असते. बिघाड कुठे आहे हे शोधण्यात गेलेल्या वेळाचा रकाना मात्र मी अजून कुठल्या बिलावर पाहिलेला नाही. त्यामुळे बहुतेक ठिकाणी कुणी शोधत बसत नाही, सरळ बदलून टाकतात. बदललेल्या वस्तूवर दुकानाला चार पैसे सुटतात, शोधण्यात नुसती दुपार जाते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातले एक ऑटो इलेक्ट्रिशियन आयुष्यभर दुपारी घालवत राहिले. त्यातली एक दुपार आणि एक पहाट माझ्यासाठी गेली. त्याचे पैसे मी दिलेले नाहीत, त्यांनी घेतलेही नसते.

गोष्ट २०११ सालची. सासूबाईंची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, डायलिसिस चालू होतं. पाळी सकाळी साडेसहाची. नवऱ्याची बदली विदर्भात, मी बँकेत. आम्ही राहायचो आर. के. नगरला, पावसाळ्यात पहाटे तिथे रिक्षा मिळणं म्हणजे नशिबाचा भाग. मिळाली तरी चार तास यंत्राला जोडून आलेल्या बाईला खड्ड्यांतून रिक्षाने आणायचं म्हणजे तिची उरलीसुरली ताकद वाटेतच संपायची. म्हणून बँकेतल्या एका सहकाऱ्याकडून जुनी मारुती ८०० घेतली. कार्बोरेटरवाली, ९७ सालची, पांढरी. इंजिन ठणठणीत होतं. आधीच्या मालकाने हौसेने टेप बसवलेला, रिमोटचं लॉक बसवलेलं, रिव्हर्स घेताना वाजणारं गाणंही बसवलेलं. ते गाणं मी पहिल्याच आठवड्यात काढून टाकलं.

ऑगस्टात गाडीने सकाळी मान टाकायला सुरुवात केली. किल्ली फिरवली की सेल्फचा एक टक्क आवाज आणि पुढे काही नाही. कॉलनीतल्या पोरांना उठवून धक्का मारायचा. सासूबाई मागच्या सीटवर शाल पांघरून बसलेल्या, पोरं चिखलात घसरताहेत. बॅटरीच्या दुकानात गेले. ‘बॅटरी गेली’ म्हणाले. जुनी होतीच, बदलली. तीन हजारांच्या घरात गेले. नवी बॅटरीही उतरली. पुन्हा गेले, तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, तुम्ही गाडी चालवत नाही, रोज फिरवा. नाहीतर मोठी बॅटरी टाका.’ एका गॅरेजवाल्याने तर माझ्याशी न बोलता माझ्या धाकट्या दिराला फोन लावायला सांगितलं. दीर बंगळुरूला. त्याला गाडीचा रंगही माहीत नव्हता.

शेजारच्या रिक्षावाल्याने उद्यमनगरचा पत्ता दिला. उद्यमनगर म्हणजे लेथचा आवाज, ओतकामाची काळी माती, तेलाचा वास. त्यात एका पत्र्याच्या शेडवर ‘डायनमो, सेल्फ, वायरिंग’ एवढंच रंगवलेलं. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही म्हणायला लागले. साठीच्या आसपासचे. शर्टाला बॅटरीच्या ॲसिडने पडलेली बारीक भोकं. मी सांगायला लागले, तर त्यांनी बॉनेटकडे पाहिलंसुद्धा नाही.

“कुठल्या वारी बंद पडतीया?” त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. पण उत्तर तयार होतं, कारण आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी सगळंच लिहायची: दूध, सिलिंडर, डायलिसिसच्या आधीचं आणि नंतरचं वजन, आणि ‘गाडी बंद’.

“मंगळवारी,” मी म्हटलं.

“शुक्रवारी न्हाई?”

“शुक्रवारी कुरकुर करते, पण होते सुरू.”

चाचांनी हातातली पक्कड खाली ठेवली. “मंगळवार ते शुक्रवार तीन दिस. शुक्रवार ते मंगळवार चार. ताई, बॅटरी चांगली हाय. कोणतरी करंट खातंय. रोज थोडा थोडा.”

मोठ्या बॅटरीचा सल्ला मी सांगितला तेव्हा ते हसले. “टाकी मोठी केली म्हणून गळती थांबती का?”

त्या दिवशी गुरुवार होता. मी अर्ध्या दिवसाची रजा काढून आले होते आणि मला वाटलं होतं की अर्ध्या तासात मोकळी होईन. चाचांनी आधी बॅटरी तपासली. झाकणं उघडून काचेच्या नळीने, म्हणजे हायड्रोमीटरने, सहाही सेलमधलं पाणी ओढून पाहिलं. एखादा सेल मेला असता तर त्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा खाली गेला असता. इथे सहाही सारखे होते, फक्त उतरलेले. दुसरी चांगली बॅटरी लावून गाडी सुरू केली आणि मीटरने व्होल्टेज पाहिलं: चौदाच्या थोडं वर. “चार्जिंग बरोबर,” ते पोऱ्याला म्हणाले. म्हणजे गाडी चालू असताना बॅटरी भरत होती. बंद असताना रिकामी होत होती.

मग गाडी बंद करून त्यांनी किल्ली काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली. मी विचारलं, खिशात कशाला? तर मीटर लावलेला असताना कुणी सेल्फ मारला की मीटरमधला फ्यूज उडतो. पोऱ्याने पूर्वी दोन मीटर असे खलास केले होते. दारं लावली, दाराच्या बटणाने लागणारा आतला दिवा काढूनच ठेवला. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवलं आणि ती तार व बॅटरी यांच्यामध्ये एक पाच वॅटचा बल्ब धरला. गाडीत काहीच चालू नाही, तर बल्बही लागायला नको. तो लागला. उजेड अगदी मंद, उन्हात दिसला नसता. चाचांनी तळहाताची सावली करून मला दाखवला.

बल्ब आधी आणि मीटर नंतर, हा त्यांचा क्रम कायमचा. बल्ब झगझगीत पेटला तर कुठेतरी मोठा शॉर्ट आहे, मग मीटर लावायचाच नाही. मंद असेल तर मीटर. मीटरने दाखवलं ०.३५ अँपिअर. अशा जुन्या, कॉम्प्युटर नसलेल्या गाडीत टेपची मेमरी आणि लॉकचं यंत्र मिळून ०.०३ किंवा ०.०४ च्या पुढे जायला नको. मग एकेक फ्यूज काढायला सुरुवात. प्रत्येक फ्यूजला पोऱ्या आकडा ओरडून सांगणार, चाचा तो खडूने पत्र्यावर लिहिणार. टेपचा काढला, आकडा जरासा हलला. रिमोट लॉकचा काढला, आणखी जरासा. बाकी हेडलाइट, वायपर, हॉर्न, पंखा, कशानेच काही नाही. शेवटी फ्यूजबॉक्स बोडका झाला आणि मीटर अजून ०.३२ दाखवत होता.

मी गृहीत धरलं की आता ते हरले. उलट त्यांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. एवढे सगळे सुटले म्हणजे जागा उरल्या थोड्या. फ्यूजबॉक्सच्या अलीकडे, बॅटरीला थेट जोडलेल्या जाड तारा दोन: एक सेल्फला जाते, एक डायनमोला. अल्टरनेटरला ते शेवटपर्यंत डायनमोच म्हणत. “पर ह्यो तर चौदा देतोय,” पोऱ्या म्हणाला. चाचांनी त्याला गप्प केलं.

रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन त्यांनी हिशेब मांडला. माझी बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. ३५ भागिले ०.३५, शंभर तास. शुक्रवारी साडेअकराला आम्ही परत येतो, मंगळवारी पावणेसहाला निघतो: नव्वद तास, म्हणजे एकतीस-बत्तीस अँपिअर-अवर खलास. मंगळवार ते शुक्रवार सहासष्ट तास, तेवीस खलास, बारा शिल्लक. बारावर सेल्फ कुरकुरत का होईना फिरतो. त्यात आमचा रस्ता जेमतेम पाच-सहा किलोमीटरांचा, तेवढ्यात गेलेलं सगळं भरून येत नाही. माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरने जे सांगितलं होतं तेच पुठ्ठ्यावर आकड्यांत उतरलं होतं. मी बँकेत बावीस वर्षं हिशेब तपासत होते. इतका स्वच्छ ताळा क्वचित बघितला असेल.

संध्याकाळ झाली होती. आता डायनमोची तार सोडवून पाहिली की झालं, असं मला वाटत होतं. चाचांनी टॉर्च मारून नट दाखवला. गंजून गोळा झालेला. “ताई, ह्यो जोर लावून काढला आणि बोल्टासकट तुटला, तर उद्या आईस्नी कशात नेतासा?” शुक्रवार मला आठवत होता, पण तो त्यांच्याही डोक्यात असेल असं वाटलं नव्हतं. पावसाने थांबलेल्या चार गाड्या दारात उभ्या होत्या आणि ते माझ्या सासूबाईंच्या साडेसहाच्या पाळीचा विचार करत होते. त्यांनी स्वतःच्या चार्जिंगवरची भरलेली बॅटरी माझ्या गाडीत घातली आणि म्हणाले, “आज रात्री तारबिर काढू नगा. गाडी हाय तशी ऱ्हाऊ दे. पहाटं मी येतो. हातानं बघूया.”

पहाटेची नमाज उरकून ते आले. एम-८० दुचाकी, अंगात रेनकोट, पायांत आणखी एक बॅटरी, गाडी सुरू झाली नाहीच तर असू द्यावी म्हणून. सासूबाईंना मी नुकतंच मागच्या सीटवर बसवलं होतं. चाचांनी बॉनेट उघडलं, हात गळ्यातल्या रुमालाला पुसून कोरडे केले आणि इंजिनवर ठेवले. मग रेडिएटरवर. मग सेल्फवर. मग आत हात घालून डायनमोच्या मागच्या बाजूवर. तिथे तो राहिला.

“ताई, हात लावा.”

रात्रभर पावसात उभी असलेली गाडी, सगळं लोखंड गार आणि ओलं. त्या एवढ्याशा जागी ते किंचित कोमट होतं. मला आधी भास वाटला म्हणून मी पुन्हा इंजिनला हात लावून पाहिलं आणि पुन्हा तिथे. कोमटच.

“काय सापडलं?” सासूबाईंनी काच खाली करून विचारलं.

“आई, रातभर कायतरी चालू हुतं आत. गरम हाय.”

सासूबाईंनी शालीतून डावा हात बाहेर काढला. डायलिसिससाठी मनगटाच्या वर रोहिणी आणि नीला जोडून फिस्टुला केलेला असतो. तिथे बोटं ठेवली की रक्ताची थरथर जाणवते. ती रोज तपासायला डॉक्टर सांगतात, कारण थांबली तर ती वाट बंद झाली. “मी पण उठल्या उठल्या हेच करते,” त्या म्हणाल्या. “हात ठेवते, चालू आहे का बघते. माझं चालू असायला लागतं, तुमचं बंद असायला लागतं, एवढाच फरक.”

मग निघेपर्यंतच्या दहा मिनिटांत चाचांनी त्यांना डायलिसिसच्या यंत्राबद्दल विचारून घेतलं. रक्त बाहेर येतं कसं, गाळलं कशात जातं, एका वेळी किती बाहेर असतं, वीज गेली तर काय. माझ्या सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. गेलं वर्षभर सगळे त्यांना समजावून सांगत होते, त्यांच्याकडून समजून घेणारं कुणी नव्हतं. त्यांनी इतक्या अधिकाराने सांगितलं की उशीर होतोय हे मला दोनदा म्हणावं लागलं.

शनिवारी गाडी दिवसभर उद्यमनगरात होती. तेल पाजून पाजून तो नट सुटला. मीटर लावून तार बाजूला केली आणि आकडा एकदम खाली आला. अल्टरनेटरमध्ये वीज उलटसुलट दिशेने वाहणारी तयार होते, बॅटरीला मात्र एकाच दिशेची लागते. ते काम आतल्या प्लेटवरचे सहा डायोड करतात. करंट बाहेर सोडायचा, उलटा आत येऊ द्यायचा नाही. त्यांतला एक गळका झाला होता. गाडी चालू असताना बाकीचे काम निभावून नेत, म्हणून मीटर चौदा दाखवायचा. गाडी बंद झाली की बॅटरीतला करंट त्या गळक्या डायोडमधून उलटा आत शिरायचा आणि रात्रभर त्याची ऊब होत राहायची.

हाताने तपासायची रीत चाचांना त्यांच्या उस्तादाकडून मिळालेली. फियाट आणि अँबॅसॅडरना पूर्वी खरोखरचा डायनमो असे. त्यात डायोड नव्हते. गाडी थांबली की बॅटरी आणि डायनमो यांची जोडणी तोडायला कटआऊट नावाची एक छोटी पेटी असे. तिचे पॉइंट चिकटले की हाच प्रकार, फक्त कितीतरी जोरात. तासाभरात डायनमो हात लावू देत नसे. अमेरिकेत क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंट गाडीला अल्टरनेटर दिला आणि पुढे सगळीकडे कटआऊट इतिहासजमा झाले. उद्यमनगरातल्या या शेडमध्ये मात्र एक कटआऊट खिळ्याला टांगलेला होता. विकायचा नव्हता, नव्या पोऱ्याला दाखवायला ठेवलेला.

अख्खा अल्टरनेटर बदला, असं कुणीही म्हणालं असतं आणि मी बदललाही असता. चाचांनी फक्त डायोडची प्लेट बदलली, झिजलेले कार्बन बदलले, बेअरिंगला आवाज होता म्हणून तेही. माझी नवी बॅटरी सावकाश, कमी करंटवर रात्रभर चार्ज करून दिली. बॅटरी अशी पूर्ण उतरत राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट धरतं आणि ती खरोखरच कायमची जाते. अजून महिनाभर कॉलनीतली पोरं धक्के मारत राहिली असती तर बॅटरीवाल्याचं म्हणणं खरं ठरलं असतं. शेवटी मीटर ०.०३ वर थांबला. बिल सातशेच्या आत. प्लेट, कार्बन, बेअरिंग, मजुरी.

“गुरुवारची दुपार? पहाटेचं येणं?” मी विचारलं.

“त्यात काय बदललं न्हाई की ताई.”

मी वाद घातला. ते दुसऱ्या गाडीखाली गेले.

सासूबाईंना मात्र हा व्यवहार अर्धवट वाटला. दिवाळीत त्यांनी मला फराळाचा डबा घेऊन पाठवलं, चकल्या स्वतः निवडून वर ठेवलेल्या. ईदला डबा शीरखुर्म्याने भरून परत आला. दूध, खजूर, सुकामेवा: डायलिसिसच्या पेशंटला जे जे वर्ज्य ते सगळं एका भांड्यात. एक चमचा म्हणून घेतला तो वाटीवर गेला, आणि शुक्रवारी आहारतज्ज्ञ बाईंसमोर त्या इतक्या निरागसपणे बसल्या की मला खिडकीबाहेर बघावं लागलं. डबा काही रिकामा परत करायचा नसतो. त्यामुळे तो पुढची दोन वर्षं आर. के. नगर आणि उद्यमनगर यांच्यामध्ये फिरत राहिला, आणि कुणाकडे शिल्लक किती, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

मी पुढे कधीमधी त्यांच्या शेडमध्ये जाऊन बसायची. गाडीत काही नसतानासुद्धा. नव्या गाड्या यायला लागल्या होत्या, त्यांत किल्ली काढल्यावरही आतले कॉम्प्युटर बराच वेळ जागे असतात. मीटर लावून लगेच आकडा बघितला तर तो भलताच येतो. वीस मिनिटं, अर्धा तास, कधी त्याहून जास्त थांबावं लागतं, आणि तेवढ्यात कुणी दार उघडलं की पहिल्यापासून सुरू. फ्यूज काढला-घातला तरी एखादा कॉम्प्युटर पुन्हा जागा होतो, म्हणून फ्यूज न काढता त्याच्या दोन टोकांमधलं बारीक व्होल्टेज मोजायचं, हे चाचा त्या वयात नव्याने शिकले. पोऱ्या म्हणायचा, एवढा वेळ कोण थांबतंय, बॅटरी बदलून टाका. चाचा थांबायचे. त्यांचं शेड शेवटपर्यंत पत्र्याचंच राहिलं त्याचं कारणही हेच असावं, असा माझा हिशेब आहे.

सासूबाई २०१३ च्या पावसाळ्यात गेल्या. त्यानंतर पहाटे कुठे जायचं नव्हतं. २०१४ च्या सुरुवातीला मारुती ८०० चं उत्पादन थांबल्याची बातमी पेपरात आली आणि त्याच उन्हाळ्यात मी आमची विकायला काढली. गडहिंग्लजहून एक मास्तर बघायला आले. जागा मीच ठरवली, चाचांचं शेड. गाडी त्यांच्या ओळखीची, चांगलं बोलतील, किंमत टिकेल.

मास्तरांनी विचारलं, काही काम निघालं होतं का? मी तोंड उघडायच्या आत चाचांनी सगळं सांगितलं. डायोडची प्लेट कधी बदलली, बेअरिंग कुठल्या कंपनीचं, टेप आणि रिमोट लॉक किती करंट खातात, डाव्या बाजूच्या वायरिंगला दोन जोड आहेत ते पुढच्या पावसाळ्याआधी बघून घ्या. माझ्यादेखत मीटर लावून दाखवला. शिवाय सांगितलं की बॅटरी आता तीन वर्षांची झाली, एखादा हिवाळा काढेल, जास्त धरू नका.

मास्तरांनी दोन हजार कमी केले. मी चाचांकडे पाहिलं. ते दहाचा पाना घेऊन मास्तरांना निगेटिव्ह टर्मिनल कसं सोडवायचं ते दाखवत होते.